लांडग्याचा तर्जुमा

आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा टँकर येणार नाही, ही बातमी चार भाषांत आणि सहीशिक्क्यानिशी कळते. सेक्रेटरी तेलुगूत एक ओळ खरडून जिन्याखाली चिकटवतो. तासाभरात तिच्या शेजारी मराठी, उर्दू आणि इंग्रजी नक्कल लागते. अक्षर वळणदार, डावीकडे समास सोडलेला आणि खाली जांभळा शिक्का: 'तर्जुमा बरहुकूम असल'. म्हणजे, हा अनुवाद मूळ कागदाप्रमाणे तंतोतंत आहे. त्याखाली सेलूकरकाकांची लफ्फेदार सही. सेक्रेटरीने घाईत 'उद्या' दोनदा लिहिलं असेल, तर ते तिन्ही भाषांत दोनदाच असतं.

सेलूकरकाका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे परभणीकडचे, सेलूचे. घरची शेती भावांकडे सोडून ते हैदराबादला आले आणि चाळीस वर्षं कोर्टात तर्जुमेकार होते. तर्जुमा म्हणजे अनुवादच, पण काकांसमोर तसं म्हणायची सोय नाही. "अनुवाद कवितेचा होतो, बेटा. कागदाचा तर्जुमा होतो." निजामाच्या काळचे जमिनीचे उर्दू कागद, मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांचे मराठी जबाब, तेलुगू खरेदीखतं, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. शिक्का मात्र कोर्टाचा नाही. तो त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतःपुरता करून घेतला, कारण शिक्क्याशिवाय कागद त्यांना उघडा वाटतो.

त्यांचा कायदा एकच. असलमध्ये, म्हणजे मूळ कागदात, जे आहे ते सगळं घ्यायचं आणि जे नाही ते घालायचं नाही. स्वतःचं काही सांगायचंच असेल, तर ते खाली रेघ मारून 'टीप' म्हणून, सहीनिशी. हा कायदा ते बोलतानाही पाळतात. पहिल्या मजल्यावरच्या लग्नाहून आले की सांगतात, "लग्न झालं. जेवण झालं." मग बोट वर करतात. "टीप. भात कच्चा होता."

आणि त्यांचं दार. ते कधीच लागलेलं नसतं. दार आणि चौकटीच्या मध्ये एक जाडजूड शब्दकोश आडवा घातलेला असतो, कोपरे वाळवीने खाल्लेला. मांजरं आत जातात, केर उडून आत जातो, वॉचमन यादगिरी रोज ओरडतो की चोरही जातील. "हवा येते," काका म्हणतात. "आणि शब्दकोश, काका?" मी एकदा विचारलं होतं. "त्यात लाखभर शब्द हाईत, मला पाहिजे तो एक सापडला नाही. म्हणून दारात बसवलाय."

मी हे हसत सांगतेय खरं, पण या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते न फिटणारे आहेत. मी आज मराठी लिहितेय, आणि मी आज माझ्या आईच्या घरात राहतेय, या दोन्ही गोष्टी काकांमुळे. त्यासाठी त्यांना एका लांडग्याचा तर्जुमा करावा लागला.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सतरा वर्षांची, इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. शाळेपासून इंग्लिश मीडियम, दुसरी भाषा तेलुगू, मराठी फक्त आईशी बोलण्यापुरती. बाबा मी दहा वर्षांची असताना गेले. आई नर्स. तिने ड्यूट्या ओढून मला वाढवलं, आणि मी त्याची परतफेड म्हणून पहिल्या वर्षाला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हींत गचकले. तिला सांगायची हिंमत झाली नाही. मेमो, म्हणजे गुणपत्रिका, लपवला. ट्यूशनला जाते सांगून दुपारी अफझलगंजच्या लायब्ररीत जाऊन बसायचे आणि रविवारी फुटपाथच्या बाजारातून आणलेल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचायचे.

त्या वर्षी मला लांडग्यांचं वेड होतं. साधे लांडगे नव्हेत. दिवसा कॉलेजात जाणारे, देखणे, दुःखी, आणि पौर्णिमेला लांडगा होणारे. एक कादंबरी तर मी जिवापाड जपत होते. डोंगरातल्या गावात नोरा नावाची मुलगी, तिच्या वर्गात नवीन आलेला कॅलम, त्याचे पिवळसर डोळे. बावीस प्रकरणं होती आणि मी अकरावं वाचत होते. पुस्तक आणि मेमो दोन्ही मी तांदळाच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते. त्या महिन्यात आईने तांदळाला ऊन द्यायचं ठरवलं.

मी घरी आले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. एका हातात मेमो, एका हातात पुस्तक.

"हा उघडा पोरगा कोण हाय?" तिने मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं.

"कॅलम."

"आन त्याच्या मागं हे कुत्रं?"

"कुत्रं नाही. लांडगा. तो पण कॅलमच."

आई खुर्चीत बसली. मेमोबद्दल ती एक शब्द बोलली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "चार महिने झाले तू मला फसवायलीस," एवढंच म्हणाली. मग मामाला फोन लावला. पोरीला नांदेडला पाठवते, तिथंच राहील, शिकेल न शिकेल, डोळ्यासमोर तर राहील कुणाच्या तरी. मी पण चिडून म्हणाले, पाठव, मला पण इथे राहायचं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. जेवण वाढून ठेवलंय, एवढंच ती भिंतीला सांगायची.

मामाने मात्र फोनवर एक शहाणपणाचा प्रश्न विचारला होता: पुस्तकात आहे काय नेमकं? आईला इंग्रजी औषधांच्या चिठ्ठीपुरतं येतं. म्हणून ती पुस्तक घेऊन समोरच्या दारात गेली. मी आमच्या दाराआडून ऐकत होते.

"काका, नुसतं वाचून सांगा. चांगलं हाय का वाईट हाय. वाईट असंल तर पोरगी चालली नांदेडला."

"सिस्टर," काका म्हणाले. ते आईला सिस्टरच म्हणतात. "चांगलं-वाईट ठरवणं हाकिमाचं काम. मी तर्जुमा करून देतो. फैसला तुम्ही करा."

"पूर्ण पुस्तकाचा?"

"हौ. अर्धा कागद वाचून फैसला होतो का कुठं?"

तोवर पुस्तक मुद्देमाल म्हणून त्यांच्या कपाटात जप्त झालं.

तिसऱ्या दिवशी पहिली वही आली. शंभर पानी, जिल्द घातलेली, वर 'प्रकरण पहिले'. आईने ड्यूटीवरून आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर वाचली आणि कपाटावर ठेवून दिली. मला राहवेना. ती आंघोळीला गेल्यावर मी वही उघडली आणि पहिल्या ओळीलाच अडखळले.

'मी मुसम्मात नोरा, वय वर्षे सतरा, धंदा शिक्षण, राहणार डोंगराळ मुलुख, खाली लिहून देते की, सदर कॅलम यास मी प्रथम शाळेच्या आवारात पाहिले.'

माझी नोरा कोर्टाच्या कठड्यात उभी होती! वय, शिक्षण, गाव हे असलमध्येही पहिल्याच वाक्यात होतं, पण तिथे ती खिडकीशी बसून उसासे टाकत सांगते. इथे ती शपथेवर सांगत होती. शाळेतल्या हिंदीमुळे ओळखीची झालेली अक्षरं मी बोटाने एकेक लावत वाचत होते, 'मुसम्मात' म्हणजे कोर्टाच्या भाषेत बाईच्या नावाआधीचं 'श्रीमती' हेही कळत नव्हतं, तरी मला पुढचं पाहिजे होतं. इंग्रजी पुस्तक जप्त. अकराव्या प्रकरणापुढे काय होतं हे कळायचा जगात एकच रस्ता उरला होता आणि तो सेलूकरकाकांच्या अक्षरातून जात होता. मी सतरा वर्षांत जेवढं मराठी वाचलं नव्हतं, तेवढं त्या दोन महिन्यांत वाचलं.

टिपा तर काय वर्णाव्यात. दुसऱ्या प्रकरणात पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोंगराआडून उगवतो आणि कॅलमचा लांडगा होतो. खाली रेघ आणि: 'टीप: पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. मध्यरात्री उगवणे अशक्य. सदर चूक असलमधील असून तर्जुमेकार जबाबदार नाही.' सही, तारीख, शिक्का.

चौथी वही नेमकी पौर्णिमेलाच आली. आम्ही बौद्ध. पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून विहारात जाते, दिवसभर उपोसथ धरते, म्हणजे अष्टशील पाळते. ती चप्पल घालत होती आणि काका वही घेऊन दारात.

"काका, हे असलं कसं लिहिलंय त्या माणसानं?" आई वैतागून म्हणाली. "पौर्णिमेला माणूस शील पाळतो, अन् हा पोरगा लांडगा व्हायलाय!"

"असलमध्ये तसंच हाय, सिस्टर. माझा इलाज नाही."

आईने वही पिशवीत टाकली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचा चेहरा जरा निवळला होता. विहाराच्या ओसरीवर बसून तिने वही संपवली होती. "त्यानं स्वतःला झाडाला बांधून घेतलं," ती भिंतीला म्हणाली. "कुणाला इजा होऊ नये म्हणून. बरंय. शील सांभाळायलंय पोरगं."

मी भिंतीच्या वतीने काही बोलले नाही, पण कॅलमची बाजू मजबूत झाली होती हे मला कळलं.

नवव्या वहीच्या वेळी मात्र भांडाफोड झाला. मी ओट्याशी उभी राहून बोट फिरवत वाचत होते आणि आई मागे कधी आली ते कळलंच नाही. मी अडले होते 'तदनंतर'वर. "तदनंतर," आई मागून म्हणाली. "म्हणजे त्याच्यानंतर." मी दचकले. ती हलली नाही. मग मी पुढे मोठ्याने वाचलं, कारण न वाचणं जास्त वाईट दिसलं असतं.

'तदनंतर उभयतांनी परस्परांचे चुंबन घेतले. काळ थांबला.'

खाली रेघ. 'टीप: काळ थांबत नाही. तर्जुमेकार जबाबदार नाही.'

आई आधी हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. मग मीही हसले. आम्ही दोघी त्या ओट्याला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आणि हसणं थांबल्यावर दोघींना आठवलं की आपण बोलत नाही. ती गॅसकडे वळली, मी खोलीत गेले. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा मनात म्हणाले, की मला नांदेडला जायचं नाही. मला या बाईला सोडून कुठेच जायचं नाही.

पण ते तोंडाने कोण म्हणणार? मी माझ्या आईची मुलगी, हट्ट तिचाच घेतलेला. पुस्तक पुढे सरकत होतं आणि प्रकरण वाईटाकडे चाललं होतं. एकोणिसाव्या वहीत नोरा घरी खोटं बोलून जंगलात जाते. विसाव्यात तिच्या आईला सगळं कळतं. एकविसाव्यात कॅलमला वाचवताना नोराला चावा बसतो, तीही लांडगी होणार हे ठरतं, आणि तिची आई दार लावून घेत म्हणते, 'या घरात पुन्हा येऊ नकोस.' ती वही वाचून आईने चष्मा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने नांदेडचं माझं तिकीट काढून आणलं. काकांना दाखवायला समोर गेली, म्हणाली, शेवटची वही आली की बघते, पण मला कळलं काय व्हायचं ते.

शेवटची वही आली नाही. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. चाळीस वर्षांत एक तारीख न चुकवलेला माणूस, पाचव्या दिवशी दारात आला. दाढी वाढलेली. "शाई संपली होती," म्हणाले आणि वही आईच्या हातात देऊन लगेच वळले.

आई टेबलाशी बसून वाचत राहिली. मी खोलीत बॅग भरत होते. बऱ्याच वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. वही उघडीच होती.

"नापास झालीस ते सांगायचं होतंस ना गं," ती म्हणाली. "मी काय दार लावून घेतलं असतं का?"

मी रडले, तीही रडली. तिकीट तिने दुसऱ्या दिवशी जाऊन रद्द केलं. मी पुढे दोन्ही पेपर पुन्हा देऊन सुटले. वहीत काय होतं, ते मी त्याच संध्याकाळी वाचलं आणि मला ते आजही पाठ आहे:

'नोराच्या आईने त्या दिवसापासून दाराची कडी लावली नाही. पोर माणूस होऊन येवो वा लांडगा होऊन येवो, तिजवर दार ठोठावण्याची पाळी येऊ नये, असे तिने ठरविले.'

मुद्देमाल काकांनी रीतसर परत केला, पण मला तो पुन्हा उघडावासा वाटला नाही. माझी कादंबरी त्या बावीस वह्यांची होती. पुढे मी मराठी वाचत गेले, लिहीत गेले. आता मी फोनवरच्या ॲपमधल्या मजकुराचं मराठी करण्याची नोकरी करते, म्हणजे तर्जुमेवालीच झाले. काका त्याला तर्जुमा मानत नाहीत, तो भाग वेगळा. "असलच बेकार, तर तर्जुमा काय करणार," म्हणतात.

गेल्या महिन्यात माळा आवरताना पुस्तक आणि वह्या एकत्र सापडल्या. रविवार होता. धंद्याची खोड म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायला बसले. काय माणूस! एकवीस प्रकरणांत एक विशेषण गळलेलं नव्हतं. लेखिकेने जिथे एका पात्राचं नाव चुकून बदललं होतं, तिथे काकांनीही ते बदललं होतं आणि खाली टीप होती. मी शेवटच्या प्रकरणावर आले. नोरा आणि कॅलम बर्फात उत्तरेकडे निघून जातात. शेवटचं पान उलटलं. पुन्हा मागे आले. ओळीओळीवर बोट ठेवून पाहिलं, अगदी त्या वर्षी वाचायचे तसं.

नोराची आई एकविसाव्या प्रकरणात दार लावते आणि त्यानंतर पुस्तकात येतच नाही. कडीचं वाक्य असलमध्ये नव्हतंच.

मी पुस्तक आणि वही घेऊन समोर गेले. शब्दकोशावरून पाय टाकून आत. काका आता ऐंशीला आलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. "काका, असल आणलंय," मी म्हणाले आणि दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. इंग्रजी आधी, मग स्वतःचं अक्षर.

"पकडलंस," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत हाकिमाला सापडलं नाही असं, तुला सापडलं."

"टीप पण नाही, काका."

"टीप लावली असती तर सिस्टरनी मानलं असतं का?" ते थोडा वेळ भिंगाशी खेळत राहिले. "तिनं तिकीट दाखवलं मला. आणि असलमध्ये दार बंद होतं. मी दोन दिवस कलम उचललं नाही, बेटा. असल बदलायचं नाही हे मला ठाऊक होतं. पण दार बंद झाल्यावर पुढं काय होतं, ते पण मला ठाऊक होतं."

मग त्यांनी ज्योतीबद्दल सांगितलं. त्यांची मुलगी. मला इतक्या वर्षांत फक्त भिंतीवरचा फोटो माहीत होता, परकर-पोलक्यातली, दोन वेण्यांची. तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. विजयवाड्याला असते. मी जन्मायच्याही आधीची गोष्ट.

"मी म्हणालो, या घरात पुन्हा पाऊल ठेवू नको. रागाचं बोलणं होतं ते. दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर चार दिवसांत रडत आली असती, नाहीतर भांडत आली असती. पण ही तर्जुमेवाल्याची. बाप बोलला तेच घेतलं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही."

मी दाराकडे पाहिलं. शब्दकोश आडवा पडला होता आणि यादगिरीचं मांजर त्यावर झोपलं होतं. इतकी वर्षं मी त्यावरून पाय टाकून आत-बाहेर करत होते, हवेच्या गोष्टीला हसत होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि या म्हाताऱ्याबद्दल खूप माया दाटून आली. मी त्यांच्या पायांवर हात ठेवला. ते गडबडून "अरे, अरे, नक्को" म्हणत राहिले.

"तुम्ही पत्र का नाही लिहिलं, काका?"

"लिहिली की. कपाटात हाईत. सगळ्या पत्रांत माझ्या टिपाच जास्त झाल्या."

थोड्या वेळाने ते उठले, कपाटातून जाड कागदाचं एक कोरं पाकीट आणलं आणि बाविसावी वही माझ्या हातातून घेतली. "ही पाठवता येईल का गं? तिला मराठी येतं. मीच शिकवलंय." मला वाटलं, त्यांना आता तरी नियम पाळावासा वाटत असेल, म्हणून मी पेन काढलं आणि त्या वाक्याखाली रेघ मारायला गेले. त्यांनी माझा हात धरला.

"टीप नको," म्हणाले. "तसंच जाऊ दे."

पत्ता त्यांनी तीन भाषांत लिहिला. सवयीने शिक्का उचलला, शाईच्या डबीवर दाबला, पाकिटाजवळ नेला आणि मग तसाच परत ठेवून दिला. पाकीट मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नामपल्लीच्या पोस्टातून पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. आईला मी सगळं सांगितलं, ते खोटं वाक्यही. तिने भाजीची वाटी भरली आणि समोर नेऊन दिली. परत येताना आमच्या दाराची कडी लावायला तिचा हात गेला आणि तिने ती लावली नाही.